जुनं चिनी संगीत ऐकायचं कसं: एका पेटीवाल्याची पद्धत

आधीच सांगून ठेवतो, झोप येईल. येऊ द्या, लाजू नका. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात चीनमधल्या वेई राज्याच्या वेन राजाने हीच तक्रार आपल्या गुरूपाशी केली होती. 'पूर्वजांचं संगीत ऐकायला मी टोप-झगा घालून नीट बसतो, आणि एकच धास्ती असते, आत्ता डुलकी लागेल. झेंग राज्याकडची गाणी मात्र कितीही ऐकली तरी थकायला होत नाही. असं का?' गुरू होता झिशिया, खुद्द कन्फ्युशिअसचा शिष्य. त्याने लांबलचक उत्तर दिलं. त्यातली मुद्द्याची गोष्ट एवढीच, की महाराज, तुम्ही विचारताय संगीताबद्दल आणि तुम्हाला आवडतो तो नुसता नाद.

मला तो राजाच जवळचा वाटला. गुरूपुढे इतकं खरं बोलायला धाडस लागतं.

मी पेटीवाला. ९ वर्षं लावणीच्या संगीत बारीत पेटी धरली, मग शाळेत संगीतशिक्षक झालो, तिथून निवृत्त. मधल्या काळात एका नावाजलेल्या गायनक्लासात संध्याकाळी शिकवायला जायचो. चालकांनी पहिल्याच दिवशी चहा पाजून हळूच सांगितलं, 'बारीचं इथे काही बोलू नका, पालकांना आवडत नाही.' पेटी तीच, बोटं तीच, भूपही तोच. तेव्हापासून 'शिष्ट' आणि 'लौकिक' ह्या शब्दांकडे मी जरा वाकड्या नजरेनेच बघतो. मुलगी नोकरीला शांघायला गेली, तिच्याकडे दोनदा जाऊन आलो, आणि कळलं की ह्या भांडणाची फार जुनी दप्तरं तिकडे जपून ठेवलेली आहेत. मग वाचत गेलो, ऐकत गेलो. खाली देतोय ती माझी ऐकायची रीत. घाईने करू नका; मला दोन पावसाळे लागले.

शब्द दोनच लागतील. 'यायुए' म्हणजे शिष्ट संगीत: देवळातलं, पूर्वजांच्या पूजेचं, राज्याभिषेकाचं. 'सुयुए' म्हणजे लोकांचं, बाजारातलं, मेजवानीतलं. युए म्हणजे संगीत, या म्हणजे योग्य, नीटस, आणि सु म्हणजे सामान्य. आपल्याकडे सुस्वर, सुरेल, सुगम, सगळीकडे 'सु' म्हणजे चांगलं. तिकडे नेमकं उलटं. माझा पहिला महिना ह्याच गोंधळात गेला.

आता सुतारकाम. एक मीटरभर लांब फळी घ्या, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खुंटी, मधे सतारीची एक तार. तारेखाली दोन घोड्या अशा लावा की त्यांच्यामधलं अंतर बरोबर ८१ सेंटिमीटर येईल. आता 'ग्वानझी' नावाच्या जुन्या चिनी ग्रंथातलं गणित करा. ८१ मध्ये त्याचा तिसरा हिस्सा मिळवा: १०८. त्यातून त्याचा तिसरा हिस्सा काढा: ७२. परत मिळवा: ९६. परत काढा: ६४. झालं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी एवढ्यावर पाच स्वर बसवले. आपल्या फळीवर १०८ आणि ९६ मावणार नाहीत, म्हणून त्यांचं निम्मं करा, ५४ आणि ४८. फळीवर पेन्सिलीने ८१, ७२, ६४, ५४, ४८ अशा खुणा करा, तिसरी छोटी घोडी त्या खुणांवर सरकवा आणि तेवढीच तार छेडा.

इथे मी पहिल्यांदा फसलो, तुम्ही फसू नका. सरकती घोडी मी पेन्सिलीच्या तुकड्याची केली होती आणि ती इतर दोन घोड्यांपेक्षा दोन सूत उंच झाली. तार तिच्यावर ताणली जायची आणि प्रत्येक सूर वर चढायचा. अर्धा दिवस मी त्या बिचाऱ्या प्राचीन चिनी गणितज्ञांनाच दोष देत होतो. घोडी पॉलिशपेपरवर घासत जा, तारेला जेमतेम टेकेल इतकी. मग छेडा.

काय ऐकू येतं? सा रे ग प ध. भूप. शाळेतल्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो तो भूप. ह्या पाच स्वरांना तिकडे गोंग, शांग, ज्युए, झी, यू म्हणतात. आता सूर तेच ठेवून षड्ज बदला. रे ला सा माना, मध्यमाद सारंगाचे सूर मिळतात. ग ला माना, मालकंस. प ला माना, दुर्गा. ध ला माना, धानी. आपल्याकडे मूर्च्छना शिकवताना हेच करतात. हे पाचही प्रकार तिकडे होते, त्यांचे रागासारखे नियम मात्र नव्हते. तो आपला संसार वेगळा.

मोबाइलवर तानपुरा लावून ताडून बघा, तारेचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधाराच्या वर लागतो. पेटीचा गंधारही चढा असतोच, त्या आणि इतर कारणांपायी आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. हा चिनी गंधार तर पेटीच्याही वर आहे! आणि गंमत बघा, ज्या समान विभागणीवर पेटीचे बारा सूर बसतात तिचं अचूक गणित १५८४ साली मांडलं मिंग घराण्यातल्या झू झाइयू नावाच्या एका राजपुत्राने.

हे सगळं करायला लावलं ते एवढ्यासाठी: देवळातल्या गाण्यालाही हेच स्वर आणि गल्लीतल्या गाण्यालाही मुळात हेच. त्यामुळे 'शिष्ट कोणतं' हे स्वरांत शोधू नका, सापडणार नाही. कोण वाजवतंय, कुणापुढे, किती माणसं, बसून की उभं राहून, हे विचारत जा.

कन्फ्युशिअसचंच घ्या. त्याचं संगीतावर प्रेम होतं. छी राज्यात 'शाओ' नावाचं जुनं संगीत ऐकल्यावर तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही, असं त्याच्या वचनांत आलंय. पण झेंग राज्याच्या गाण्यांचं नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. झेंगचे सूर बंद करा, ते मर्यादा सोडणारे आहेत, असं तो म्हणतो. जांभळ्याने लाल रंगाची जागा बळकावलेली मला खपत नाही, तसंच झेंगच्या सुरांनी शिष्ट संगीत बिघडवलेलं खपत नाही, असंही म्हणतो. आता ह्याच परंपरेतल्या 'शिजिंग' ह्या गीतसंग्रहात ३०५ गाणी आहेत, त्यांतली १६० निरनिराळ्या राज्यांतली लोकगीतं, आणि त्यांत झेंगची २१. म्हणजे ज्यांच्या नावाने बोटं मोडायची तीच गाणी पुढे विद्यार्थ्यांनी घोकायची. झेंगच्या जुन्या राजधानीच्या जागी, आजच्या शिनझेंगला, पूजेच्या घंटांचे संचच्या संच जमिनीतून निघालेत. वाईट चालीचं म्हणून गाजलेलं राज्य, आणि घरात देवाची सगळी भांडी घासूनपुसून ठेवलेली.

कन्फ्युशिअसचा सर्वात मोठा राग मात्र सुरांवर नव्हताच. तो होता रांगांवर. नर्तकांच्या आठ रांगा, ६४ माणसं, हा फक्त सम्राटाचा मान. सामंताला सहा, अमात्याला चार. लू राज्यातल्या जी घराण्याने आपल्या अंगणात आठ रांगा नाचवल्या. तो म्हणाला, हे खपवून घ्यायचं तर मग काय खपवून घ्यायचं नाही? नाच तोच, सूर तेच. अंगण चुकीचं.

कन्फ्युशिअसनंतर आलेल्या मेन्सिअसपाशी छी राज्याच्या एका राजाने शरमून कबुली दिली, की मला जुन्या राजांचं संगीत नाही आवडत, आजकालचं आवडतं. मेन्सिअस हसला असावा. म्हणाला, आजचं संगीत काय नि जुनं काय, सारखंच. तुम्ही ते एकटे ऐकता की लोकांबरोबर ते बोला. माझ्या क्लासच्या चालकांना हे वाचून दाखवायला हवं होतं.

आता घंटा. ह्यांना मात्र वेळ द्या.

हुबेई प्रांतात सुइझोऊजवळ १९७७ साली सैन्याच्या एका तळाचं बांधकाम चालू असताना टेकडी फोडताना एक थडगं लागलं. १९७८ साली ते उघडलं. झेंग राज्याचा सामंत यी ह्याचं थडगं. (हे झेंग वेगळं, देवनागरीत सारखं दिसतं म्हणून सांगतो, बदनाम झेंगशी ह्याचा संबंध नाही.) आत काशाच्या ६५ घंटा लाकडी चौकटीवर तीन ओळींत टांगलेल्या. सर्वात मोठी २०० किलोच्या वर, सर्वात लहान २.४ किलोची. त्यातली एक घंटा शेजारच्या चू राज्याच्या राजाने भेट पाठवलेली, तिच्यावर लेख आहे, त्यावरून वर्ष निघतं: इसवीसनपूर्व ४३३.

आपल्या देवळातली घंटा गोल असते. वाजवली की घुमत राहते, एका सुरात दुसरा मिसळतो. ह्या घंटांचा छेद बदामासारखा, दोन्ही बाजूंना टोकदार. त्यामुळे आवाज लवकर विरतो आणि दोन स्वर एकमेकांत कालवले जात नाहीत. शिवाय मधोमध मारलं तर एक स्वर, बाजूला मारलं तर दुसरा, त्याहून सा ते ग (कोमल किंवा शुद्ध) इतका वरचा. एका घंटेत दोन स्वर! आणि कुठे मारल्यावर कोणता, हे घंटेवरच कोरून ठेवलंय. सगळा संच पाच सप्तकांच्या वर जातो.

मुलीबरोबर मी वुहानच्या हुबेई प्रांतीय संग्रहालयात गेलो. मूळ घंटा काचेपलीकडे असतात, प्रतिकृतींवर वाजवून दाखवतात. छोट्या घंटांना लाकडी हातोड्या, मोठ्यांना जाड लांब दांड्याने, दोन्ही हातांनी ढकलून ठोका. खालची मोठी घंटा वाजली तेव्हा सूर आधी छातीला कळला, मग कानाला. पूजेच्या ढंगाचा एक तुकडा झाला, आणि मग त्याच घंटांवर मोगऱ्यासारख्या फुलाचं तिकडचं एक लोकगीत वाजवलं, सगळ्या जगात पोचलंय ते. बायामाणसं गुणगुणायला लागली. मुलगी म्हणाली, 'बाबा, हे तर रेस्टॉरंटमध्येपण लावतात.' मी म्हटलं, तेच बघतोय.

घरी ऐकताना असं करा. घंटांचं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त खालच्या घंटांकडे कान द्या, चाल सोडून. त्या चाल वाजवत नाहीत, त्या खांब रोवतात. मग दुसऱ्यांदा ऐकताना दगड शोधा: टांगलेले पाषाण, कोरडा, काचेसारखा टणत्कार. ह्या थडग्यात तेही ३२ होते. घंटा दोन भिंतींना, दगड तिसऱ्या भिंतीला. तीन बाजूंनी वाद्यं हा सामंताचा मान, चारही बाजू फक्त सम्राटाच्या. म्हणजे हा गडी मेल्यावरही आपल्या पायरीत राहिला.

पण हे झालं मधल्या दालनाचं. पूर्वेच्या दालनात, जिथे त्याचं स्वतःचं शव होतं, तिथे घंटा नव्हत्या. तिथे तंतुवाद्यं, तोंडाने फुंकायचे वेळूंचे 'शंग', एक छोटा ढोल, आणि आठ तरुण स्त्रियांच्या शवपेट्या. त्यातल्या काहीजणी वाजवणाऱ्या असाव्यात असा तर्क आहे. त्या आठ पेट्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. मालक मेला म्हणून वाजवणाऱ्यांनाही जावं लागलं. असो. ऐकणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते हे, की दिवाणखान्याला एक बाजा आणि झोपायच्या खोलीला वेगळा, आणि मालक एकच.

खरंखुरं देवळातलं संगीत ऐकायचं असेल तर चीनपेक्षा सोलला कान लावा. हा उलटा रस्ता का, तर सोंग घराण्याचा सम्राट हुइझोंग. मोठा कलाप्रेमी माणूस. सोंग दरबारात 'खरा सा कुठला' ह्यावर वर्षानुवर्षं वाद चालला होता, आधारस्वर पुनःपुन्हा बदलला. शेवटी वेई हानजिन नावाच्या एका म्हाताऱ्या जाणकाराने सुचवलं, सम्राटाच्या बोटांच्या लांबीवरून माप धरा. धरलं! आपल्याकडे काळी एक की काळी दोन ह्यावरून गायक आणि पेटीवाला भांडतात, तिथे बोट राजाचं असल्यामुळे भांडण मिटलं. ११०५ साली ह्या नव्या संगीतासाठी सरकारी खातं उघडलं, आणि १११६ साली घंटा, पाषाण असा सगळा सरंजाम कोरियाला भेट गेला. पुढे पंधराव्या शतकात सेजोंग राजाच्या काळात तिथल्या लोकांनी जुन्या चिनी ग्रंथांवरून हे संगीत पुन्हा बसवलं. सोलच्या कन्फ्युशिअस मंदिरात वर्षातून दोनदा ते आजही वाजतं.

त्यात सुरुवात करायची खूण म्हणजे एका लाकडी खोक्यात दांडा आपटतात. शेवटाला लाकडाचा बसलेला वाघ असतो, त्याच्या पाठीवरच्या दातांवरून चिरलेल्या बांबूची काठी खर्रकन ओढतात. मधे एकेक स्वर, सगळे सारख्या लांबीचे, चार स्वरांचा एक चरण. ताल नाही म्हणावं असा. सम शोधू नका. आपण अंत्ययात्रेला चालतो तशी चाल असते, घाई केली तर वाईट दिसेल अशी. एक चरण मनात म्हणा, मग पुढचा. मी पहिल्यांदा सहाव्या चरणाला घोरत होतो, असं मुलीचं म्हणणं. वेन राजाला जाऊन मिळालो.

आता उलटी बाजू. हान घराण्याच्या वू सम्राटाने इसवीसनपूर्व ११२ च्या सुमारास 'युएफू' हे संगीताचं सरकारी खातं वाढवलं. काम काय, तर पूजेची गाणी बसवायची आणि प्रांताप्रांतांतली गाणी जमवायची. तिथला मुख्य माणूस ली यान्नियान. गाणाऱ्या-नाचणाऱ्या घरातला, शिक्षा होऊन खच्ची झालेला, राजाच्या कुत्र्यांच्या खात्यात कामाला होता. एकदा त्याने राजापुढे नाचत गाणं म्हटलं: उत्तरेला एक सुंदरी आहे, एकदा वळून बघितलं तर शहर पडतं, दुसऱ्यांदा बघितलं तर राज्य. राजा म्हणाला, अशी कुणी असते का? ती निघाली लीची बहीण. ती राणी झाली आणि हा संगीतखात्याचा अधिकारी. ह्याच माणसाने स्वर्ग-पृथ्वीच्या पूजेची स्तोत्रं चालीत बांधली. बारीतल्या मास्तराने काकडआरतीला चाल लावावी तसं. पंडितांनी नाकं मुरडली, पण राजाला आवडलं होतं.

शंभर वर्षांनी आइ सम्राट आला, त्याला संगीताचं वावडं. इसवीसनपूर्व ७ साली त्याने युएफू बंद केलं. हिशेब नोंदलेला आहे: माणसं ८२९, पैकी ४४१ घरी गेली, पूजेच्या आणि सैन्याच्या कामाची म्हणून ३८८ दुसऱ्या खात्यांत गेली. ज्यांना काढलं त्यांच्यावर शिक्का 'झेंगचे सूर'. मी हे आकडे वाचले तेव्हा डोळ्यांपुढे ती ४४१ माणसं आली, पेट्या-ढोलक्या काखेला मारून राजवाड्याच्या दाराबाहेर उभी. इतिहासकार पुढे लिहितो की श्रीमंत आणि सामान्य लोक ती गाणी ऐकतच राहिले. म्हणजे त्यांना सुपाऱ्या मिळाल्या असणार.

तांग काळ सर्वात चवीचा, आणि इथे आपला धागाही लागतो. इसवीसन ५६८ मध्ये मध्य आशियातल्या कुचा शहराचा सुजीव नावाचा, पीपा हे तंतुवाद्य वाजवणारा वादक एका तुर्की राजकन्येच्या लवाजम्यात चीनच्या उत्तरेला आला. त्याच्याकडे सात मेळांची पद्धत होती आणि मेळांची नावं चिनी कानांना अगदीच परकी. त्यातलं एक 'पंचम'. दुसरं 'कैशिक'. चिनी अक्षरांत ती वेडीवाकडी झाली, पण अभ्यासकांनी ओळखली. पुढे सुई घराण्याच्या दरबारात शिष्ट संगीताचा आधारस्वर कोणता हा वाद रंगला, तेव्हा एक सरदार ह्या सुजीवाकडून शिकलेलं घेऊन उभा राहिला. पूर्वजांच्या देवळातला सूर शुद्ध करायला परमुलखातला मेजवानीतला वादक! तांग दरबाराने ६४२ साली मेजवानीच्या संगीताचे दहा विभाग केले, त्यांत एक 'तियानझू', म्हणजे हिंदुस्थानचा.

बसणारे आणि उभे राहणारे असे वादकांचे दोन गट होते. बसणारे दालनात, एका रचनेला ३ ते १२ जण, कसबी. उभे अंगणात, ६४ ते १८०, ढोल-ताशांचा कल्लोळ. शुआनझोंग सम्राटाने बसणाऱ्यांतले ३०० निवडून 'नासपतीच्या बागेत' स्वतः शिकवले. कुणाचा सूर चुकला की त्याला लगेच कळायचं. आणि कवी बाइ जुयी एका कवितेत सांगतो: बसणाऱ्यांत जमलं नाही त्याला उभ्यांत ढकलतात. उभ्यांतही जमलं नाही, मग काय करायचं त्याचं? त्याला घंटा-पाषाणांवर बसवतात, शिष्ट संगीत वाजवायला.

ही ओळ वाचून मी पेटीचा भाता सोडून हसलो. कवीला हसू आलेलं नाही, तो चिडलाय. देवापुढे नापास पोरं!

सोंग काळातल्या शेन क्वो ह्या पंडिताने ह्याची वाटणी तीन ओळींत केलीय: प्राचीन राजांचं ते शिष्ट, मागच्या काळातलं 'नवं संगीत' ते निर्मळ, परकीयांचं मिसळलेलं ते मेजवानीचं. मधलं बघा. हान-वेई काळातली प्रेमाची, विरहाची गाणी, त्या काळी झेंगच्या सुरांत मोडली असती. सहाव्या शतकाच्या शेवटी सुई सम्राट वेनने ती ऐकून 'हा आपल्या देशाचा खरा सूर' म्हटलं. चारशे वर्षं जुनी होऊ द्या, लावणीसुद्धा निर्मळ होते.

प्रयोग असा करा. जपानचं 'गागाकु' लावा. चिनी लिपीत ते नाव यायुए असंच लिहितात, पण फसू नका: त्यातला 'तोगाकु' हा भाग तांग दरबाराच्या मेजवानीच्या संगीतातून गेलेला आहे, देवळातून नव्हे. पाटी शिष्ट, माल लौकिक. आज ते इतकं संथ वाजतं की चहा निवतो. केंब्रिजच्या लॉरेन्स पिकन ह्या अभ्यासकाने वर्षानुवर्षं मांडलं की जपानात शतकानुशतकं ते मंदावत गेलं, मूळची गती कितीतरी पट जास्त होती, आणि चाल आहे ती शंग आणि पीपा ह्यांच्या लांबवलेल्या स्वरांत दडलेली. तर मोबाइलवर गती दुप्पट करा. हल्ली सूर न चढता गती वाढते. मग परत ध्वनिमुद्रण करून पुन्हा दुप्पट. कुठेतरी एका जागी अचानक चाल उभी राहते, आणि पाय हलतो. त्या सेकंदासाठी हा सगळा खटाटोप.

शेवटी चिन, सात रेशमी तारांचं, मांडीवर किंवा मेजावर ठेवायचं वाद्य. पंडितांचं, एकट्याचं. ह्याला स्पीकर नको. रात्री दहानंतर, पंखा बंद करून, कानाला लावून ऐका. बोट तारेवरून घासत जातं तो आवाज दोष समजू नका. कित्येकदा सूर संपलेला असतो आणि घासणं चालूच राहतं, आपल्या मींडेचं शेपूट जसं. ग्वान पिंगहू ह्यांनी वाजवलेलं 'वाहतं पाणी' घ्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून जी तबकडी गेली तिच्यात ते आहे, आणि त्याच तबकडीवर आमच्या गोव्याच्या केरीच्या केसरबाईंची भैरवी. यानं सुटली त्याच सुमारास, सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. दोन्ही लागोपाठ लावून बघा.

बाइ जुयीची चिनवर एक कविता आहे: धूळ खात पडलेलं वाद्य, कुणी ऐकत नाही. हे कुणी केलं? परमुलखातल्या बासरीने आणि झंगने, म्हणतो. झंग हे चिनचंच जास्त खणखणीत भावंड, लोकांचं लाडकं.

परवा बारीतले जुने ढोलकीवाले तात्या घरी आले. त्यांना सोलची पूजा ऐकवली. तीन मिनिटं हातावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, 'मास्तर, ह्याची सम कुठाय?'

'नाही, तात्या.'

'मग माणसं उठायची कधी?'

मी गागाकु लावलं, चौपट करून. त्यांनी आधी डोळे मिटले. मग उजव्या हाताची दोन बोटं चहाच्या स्टीलच्या ताटलीवर पडायला लागली, मग डावा हात टीपॉयवर. संपल्यावर म्हणाले, 'परत लावा. ह्याच्यावर चाळ चांगले वाजतील.'